मी तेव्हाच म्हटलं होतं

पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे हरले. त्यानंतर मात्र ती आपण सतत जिंकत आलो आहोत. पुण्यातल्या अमृततुल्यात, साताऱ्याकडच्या पारावर, कर्जत लोकलच्या चौथ्या सीटवर, न्यू जर्सीतल्या दिवाळी पहाटेनंतरच्या फराळाला, जिथे म्हणून चार मराठी माणसं आणि थोडा रिकामा वेळ एकत्र येतो, तिथे अब्दालीचा पराभव होतो. त्याला फार वेळही लागत नाही. दुसरा कटिंग येईपर्यंत सदाशिवरावभाऊंच्या सगळ्या चुका काढून झालेल्या असतात. बायकामुलांचं आणि यात्रेकरूंचं लटांबर बरोबर न्यायलाच नको होतं. सूरजमल जाटाचं ऐकायला हवं होतं. मल्हारराव होळकरांसारखा मुरलेला माणूस गनिमी काव्याने लढू म्हणत असताना इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या नादी कशाला लागायचं? हे सगळं ठामपणे सांगणाऱ्या गृहस्थाला रविवारी सिंहगडावर गाडी लावायला जागा मिळेल की नाही, याचा अंदाज आजवर एकदाही बरोबर आलेला नसतो.

आता क्षणभर भाऊसाहेबांच्या बाजूने पाहू. याच गृहस्थाने, याच गारद्यांच्या तोफा वापरून, १७६०च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाला नमवलं होतं. म्हणजे वर्षही उलटलं नव्हतं. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. जे हत्यार कालपर्यंत चाललं, ते उद्याही चालेल असं मानणं याला मूर्खपणा म्हणायचं असेल, तर आपल्यापैकी कोणीच सकाळी गॅस पेटवू नये. चढलेल्या यमुनेतून अब्दाली बागपतजवळ सैन्य उतरवेल आणि पाठीमागे येऊन बसेल, हे आपल्याला ठाऊक आहे. भाऊंना ठाऊक नव्हतं. विश्वासरावांना गोळी लागणार हेही आपल्याला चहाचा पहिला घोट घेण्याआधीच ठाऊक असतं. उरते ती केवळ भाऊंना दोष देण्याची औपचारिकता.

आणि समजा, अब्दालीचा तो यमुनेचा बेत फसला असता, तर? अब्दालीचं काय झालं असतं ते इतिहासकार सांगतील, पण अमृततुल्यात काय झालं असतं ते मी सांगू शकतो. त्याच बाकावर, त्याच गृहस्थाने बशीत चहा ओतत म्हटलं असतं, "गनिमी काव्याचे दिवस संपले हे ओळखणारा पहिला मराठा सेनापती म्हणजे भाऊ! होळकर पडले जुन्या पिढीचे. त्यांना तोफेतलं काय कळणार?" पुरावेही तेच दिले असते. उदगीर, गारदी, तोफा. फक्त डोळ्यांतला भाव वेगळा असता.

मानसशास्त्रात याला 'हाइंडसाइट बायस' म्हणतात. घरात याला "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणतात.

याच्यावरचा पहिला नेटका प्रयोग आपल्या शेजारच्याच एका लढाईवर झाला, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या हाताखाली बारूख फिशहॉफ नावाचा तरुण शिकत होता. त्याने विद्यार्थ्यांना १८१४च्या इंग्रज-गुरखा युद्धाची माहिती देणारा एक उतारा वाचायला दिला. इस्रायलमधल्या मुलांना नेपाळच्या डोंगरातलं ते युद्ध ऐकूनही माहीत असण्याची शक्यता नव्हती, म्हणूनच ते निवडलं असावं. आपल्याकडे असा प्रयोग करायचा तर लढाई शोधतानाच दमछाक होईल. प्रत्येक लढाईवर कोणाचं तरी ठाम मत असणारच. तर, एका गटाला निकाल सांगितलाच नाही. बाकीच्या चार गटांना चार वेगवेगळे निकाल खरे म्हणून सांगितले. कोणाला इंग्रज जिंकले, कोणाला गुरखे जिंकले, कोणाला कोंडी झाली पण तह झाला नाही, कोणाला कोंडी होऊन तह झाला. मग सगळ्यांना विचारलं, हा उतारा वाचून कोणता निकाल किती संभवनीय वाटतो?

ज्या गटाला जो निकाल सांगितला, त्या गटाला तोच निकाल जास्त संभवनीय वाटला. इथवर ठीक. पण फिशहॉफने पुढे विचारलं की उताऱ्यातली कोणती वाक्यं महत्त्वाची वाटतात. गुरखे जिंकले असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्या लेखी एक वाक्य वजनदार. इंग्रज जिंकले असं ऐकलेल्यांच्या लेखी तेच वाक्य किरकोळ. कागद एकच, शाई एकच. आणि "तुम्हाला निकाल माहीतच नाही असं समजून उत्तर द्या" असं बजावूनही फरक पडला नाही. निकाल एकदा कानावर पडला की तो ऐकला नव्हता असं मनाला वागता येत नाही. हा लेख १९७५ साली छापून आला. (खऱ्या युद्धात इंग्रज जिंकले आणि सुगौलीचा तह झाला. हे वाचल्यावर तुम्हाला "अर्थात, दुसरं काय होणार" असं वाटलं असेल, तर तुम्हीही त्या वर्गात बसलात.)

त्याच सुमाराला फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी आणखी एक खोडी काढली. १९७२च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला निघाले होते आणि मे महिन्यात रशियाला जाणार होते. जाण्याआधी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले: माओ त्यांना भेटतील का, असे प्रश्न. दौरे झाल्यावर त्याच मुलांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय आकडे लिहिले होते ते आठवून सांगा. जे घडलं होतं, त्याचे आकडे आठवणीत फुगले होते. जे घडलं नव्हतं, त्याचे आकसले होते. मुलं खोटं बोलत नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. शाळेतल्या पाटीवर नवं उत्तर लिहिताना आपण जुनं थुंकी लावून पुसायचो, तसं मन जुना अंदाज पुसून टाकतं. पुसल्याची खूणही ठेवत नाही, त्यामुळे बाईंना आणि आपल्यालाही पाटीवर पहिल्यापासून बरोबरच उत्तर होतं असं वाटतं.

आमच्या नात्यात एक तात्या आहेत. जगातली कोणतीही गोष्ट त्यांना घडून गेल्यानंतर पाच मिनिटांनी आधीपासून माहीत असते. पुतण्याचं लग्न मोडलं तेव्हा ते म्हणाले, "कांदेपोह्यांच्या दिवशीच मी ओळखलं होतं. मुलीने बशी पुढे केली, पण वर पाहिलं नाही." भाचीचं लग्न उत्तम चाललंय, त्यावर त्यांचं म्हणणं, "पोह्यांच्या दिवशीच कळलं होतं. बशी पुढे करताना तिने वर पाहिलं नाही. मर्यादा असलेली मुलगी!" तात्यांना यात विसंगती दिसत नाही, आणि गंमत म्हणजे समोर बसलेल्या आठ-दहा जणांनाही दिसत नाही. कारण दोन लग्नांमध्ये काही वर्षांचं अंतर आहे आणि दर वेळी पोहे तेवढे छान झालेले असतात.

पुण्यात या विद्येची एक खास शाखा आहे, ती म्हणजे जागेची. "पंच्याऐंशी साली कोथरूडला प्लॉट घेतला असता तर" हे वाक्य ज्याने उच्चारलं नाही, त्याचं पुण्यातलं वास्तव्य संशयास्पद मानावं. आणि ज्याने तेव्हा खरोखरच घेतला, तो आता द्रष्टा झाला आहे. शहर कुठल्या दिशेने वाढणार हे त्याने हेरलं होतं म्हणे. त्याच्या बायकोला एकदा एकटं गाठून विचारावं. ती सांगते, "अहो, सदाशिव पेठेत परवडत नव्हतं. कोथरूडला तेव्हा रिक्षावाले यायला तयार नसत. मी वर्षभर रडत होते." त्याच काळात अशाच नाइलाजाने दुसऱ्या एखाद्या दिशेला जागा घेतलेले आणि अजून डांबरी रस्त्याची वाट पाहणारे लोकही असणार. पण ते अशा गप्पांना येत नाहीत, आणि आले तरी त्यांना कोणी "तुम्ही कसं हेरलंत?" असं विचारत नाही. यशाच्या मुलाखती होतात. तशाच विचाराने, तशाच नाइलाजाने घेतलेला पण फसलेला निर्णय घरच्या घरी ओरडा खाऊन गप्प बसतो.

ही निकालावरून निर्णयाची किंमत करायची सवय क्रिकेटइतकी दुसरीकडे कुठेच उघडी पडत नाही. २४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग, पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. पाकिस्तानला शेवटच्या षटकात १३ धावा हव्यात, समोर मिस्बाह, आणि धोनी चेंडू देतो जोगिंदर शर्माला. पहिला चेंडू वाइड. मग एक निर्धाव. मग मिस्बाहचा सणसणीत षटकार. आता ४ चेंडूंत ६ धावा. त्या क्षणी देशभरातल्या दिवाणखान्यांत धोनीबद्दल जे शब्द उच्चारले गेले, ते इथे लिहिता येण्यासारखे नाहीत. पुढच्या चेंडूवर मिस्बाहने गुडघ्यावर बसून मागच्या बाजूला स्कूप मारला, चेंडू उंच गेला आणि शॉर्ट फाइन लेगला श्रीशांतच्या हातात आला. त्याच दिवाणखान्यांत, त्याच तोंडांनी, धोनीची दूरदृष्टी, थंड डोकं आणि नवोदितांवरचा विश्वास यांचं कौतुक सुरू झालं. तो स्कूप चार हात लांब पडला असता तर? निर्णय तोच, गोलंदाज तोच, धोनीच्या डोक्यातला विचारही तोच. चेंडू कुठे पडला याच्याशी त्या विचाराचा काहीही संबंध नाही. तरी आपण वीसेक वर्षं त्या चार हातांवरून धोनीची बुद्धी मोजतो आहोत. धोनी हुशार नाही असं मी म्हणत नाही. तसं म्हणून महाराष्ट्रात राहायचं कसं?

क्रिकेटमध्ये हे खपून जातं. सगळीकडे खपत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. म्हणजे दक्षिण मुंबईत खिडकीबाहेर बघून उपनगरात काय चाललंय हे समजायला मार्गच नव्हता. त्या दुपारी हजारो लोकांनी ऑफिसातून निघायचं की थांबायचं हा निर्णय तोकड्या माहितीवर घेतला. जे निघाले आणि पोचले, ते वेळेवर निघालेले शहाणे. जे निघाले आणि अडकले, ते आततायी. जे थांबले आणि टेबलावर झोपून सकाळी सुखरूप घरी आले, ते विचारी. ज्यांच्या घरी त्या रात्री कोणीतरी एकटं पाण्यात होतं, ते निष्काळजी. नंतर कित्येक घरांत या गोष्टींवरून वर्षानुवर्षं अबोले राहिले असतील. दुपारी दोन वाजता मात्र या सगळ्यांना दिसत होतं ते एकच आभाळ.

इथे मला ज्याबद्दल खरं बोलायचं होतं ते येतं. दुसऱ्याला लावलेली ही पट्टी माणूस स्वतःलाही लावतो, आणि तेव्हा ती जास्त खोल लागते. नवऱ्याच्या छातीत जळजळलं. दोघांनाही वाटलं, पित्त. रात्री मिसळ झालीच होती. तिने सोड्याची पुडी पाण्यात घालून दिली, तो उताणा पडला, आणि पहाटे फार उशीर झाला होता. अशी बाई पुढची दहा वर्षं एकच वाक्य म्हणत राहते: मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती बैठकीतल्या लोकांसमोर ते म्हणत नाही, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजताना म्हणते. आठवणीत त्या रात्रीचा घाम स्पष्ट दिसतो, डावा हात चोळणं दिसतं. त्या रात्री ते तसं दिसलं होतं का? त्याच नवऱ्याला त्याआधी वीस वर्षांत कितीतरी वेळा जळजळलं होतं आणि प्रत्येक वेळी ते पित्तच निघालं होतं. त्या रात्री तिच्यापुढे हा वीस वर्षांचा अनुभव होता. पहाटेची बातमी नव्हती.

छातीत दुखलं की पित्त म्हणून झोपू नये, डॉक्टर गाठावा, हा धडा खरा आहे आणि तो घराघरात सांगितलाच पाहिजे. पण धडा पुढच्या रात्रीसाठी असतो. मागच्या रात्रीवर तो खटला म्हणून चालवता येत नाही. हा फरक मी त्या बाईला समजावून सांगितला तर तिचं दुःख हलकं होईल, असा माझा मुळीच दावा नाही. पण तिला भेटायला येणारे नातेवाईक जेव्हा सोफ्यावर बसून "अगं, डावा हात दुखत होता म्हणजे..." असं म्हणत मान हलवतात, तेव्हा त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावा असं मात्र वाटतं. डॉक्टरांनाही यातून सुटका नाही. १९८१मध्ये हाल आर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांवर असाच प्रयोग केला. रोग्याची तीच कागदपत्रं, फक्त काहींना निदान आधी सांगितलेलं. ज्यांना सांगितलं, त्यांना ते निदान आपणही सहज केलं असतं असं वाटलं. 'सेकंड ओपिनियन' देणारा पहिल्या डॉक्टरपेक्षा हमखास हुशार का दिसतो, याचं थोडं उत्तर यात आहे.

आपल्याला असं का वाटतं? एक तर, जे घडलं ते घडण्यासारखंच होतं असं मानलं की जग जरा कमी भीतिदायक होतं. आणि दुसरं म्हणजे मनाला गोष्ट आवडते. शेवट कळला की ते सुरुवातीपासून धागे ओवायला बसतं आणि न बसणारे मणी टाकून देतं. हे काम ते आपल्याला न विचारता करतं, म्हणून "यापुढे मी असं करणार नाही" अशा निश्चयाचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो लिहून ठेवण्याचा. निकाल लागण्याआधी, तारीख घालून, शाईने.

या बाबतीत सगळ्यात सज्जन खातं म्हणजे हवामान खातं, आणि सगळ्यात जास्त चेष्टा आपण त्याचीच करतो. २००९च्या एप्रिलमध्ये त्यांनी मान्सून सरासरीच्या ९६ टक्के होईल असं सांगितलं. झाला ७८ टक्के. हे मी आज सांगू शकतो कारण त्यांनी तो आकडा जाहीर करून ठेवला होता. त्या एप्रिलमध्ये माझ्या चाळीतल्या कोणाचा काय अंदाज होता, हे कोणत्याही संग्रहालयात मिळणार नाही. म्हणूनच चाळ कधी चुकलेली नाही. इंग्लंडमधल्या 'विस्डेन क्रिकेट मंथली'चे तेव्हाचे संपादक डेव्हिड फ्रिथ यांचंही हवामान खात्यासारखंच झालं. १९८३च्या विश्वचषकाआधी भारतासारख्या दुबळ्या संघांनी यात पडूच नये, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं होतं. कपिलने कप उचलल्यावर एका वाचकाने त्यांना शब्द गिळायला सांगितले. फ्रिथ यांनी छापील कागद खरोखर तोंडात घातला आणि तसा फोटो आपल्याच मासिकात छापला. त्या जून महिन्यात भारत हरणार असं मानणारे फ्रिथ एकटेच नव्हते. आपल्याकडेही कोट्यवधी होते. पण त्यांचं मत तोंडी होतं. तोंडी मत गिळायला सोपं, ते गळ्याखाली गेलेलं कोणाला दिसत नाही.

फिलिप टेटलॉक या अमेरिकी अभ्यासकाने वीसेक वर्षं हेच केलं. राजकारणावर भाष्य करून पोट भरणाऱ्या २८४ तज्ज्ञांकडून हजारो अंदाज आकड्यांत लिहून घेतले आणि वाट पाहिली. २००५ साली पुस्तक निघालं. तज्ज्ञांची कामगिरी शोभेशी नव्हती, पण मला त्यांच्या सबबी जास्त आवडल्या. अंदाज चुकला की ते म्हणत, थोडक्यात हुकलं, किंवा घडेलच, फक्त वेळ चुकली. निवडणुकीच्या रात्री आपल्या वाहिन्यांवर बसणाऱ्यांकडून हे आपण मराठीतही ऐकलेलं आहे.

पण लिहायचं कसं? "बहुधा पडेल", "शक्यता नाकारता येत नाही" असं लिहिलं की माणूस पुन्हा सुटला. अमेरिकी गुप्तहेर खात्यातले शर्मन केंट यांनी १९६४ साली लिहून ठेवलंय की 'गंभीर शक्यता' हा शब्द अहवालात एकमताने घालणाऱ्या त्यांच्याच सहकाऱ्यांना नंतर विचारलं, तर कोणाच्या मनात त्याचा अर्थ शंभरात वीस होता, कोणाच्या ऐंशी. म्हणजे आकडा हवा. टक्के हे शाळेची आठवण करून देतात. पण आपल्याकडे त्याहून घरगुती सोय आधीपासून आहे. सोळा आणे खरं, बारा आणे काम झालं, असं आपण म्हणतोच. गावच्या पिकाचीसुद्धा आणेवारी निघायची, आता पैसेवारी निघते. पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईची चर्चा सुरू होते. महसूल खात्याबद्दल एरवी मला फार प्रेम नाही. पण खरिपाची पैसेवारी काढताना ते सप्टेंबरअखेर आधी 'नजरअंदाज' जाहीर करतात, मग ऑक्टोबरअखेर 'सुधारित', आणि डिसेंबरात 'अंतिम'. आधीचा आकडा खोडून नवा लिहिलेला नसतो. तिन्ही आकडे कागदावर वेगवेगळे राहतात, कोणालाही शेजारी ठेवून पाहता येतात. तलाठ्याच्या दप्तरात जी शिस्त आहे ती माझ्या डोक्यात नाही.

म्हणून आमच्या घरी एक उपक्रम सुरू झाला. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख यांच्या शेजारी, अंदाज आणे लावून लिहायचे. सोसायटीचं रिडेव्हलपमेंट दिवाळीपर्यंत सुरू होईल: सेक्रेटरी, चौदा आणे. मी, दहा. वॉचमन, अर्धा. (वॉचमनला कोणी विचारत नाही, त्यामुळे त्याला खुर्चीची भीड नाही, शिवाय बिल्डरचा माणूस फोनवर काय बोलतो ते गेटपाशी स्पष्ट ऐकू येतं.) दिवाळी आली, गेली, गच्ची पहिल्यासारखीच गळते आहे. तात्यांनाही पेन पुढे केलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "असं आधी कसं सांगता येईल?" आयुष्यात पहिल्यांदा तात्या अगदी बरोबर बोलले होते, पण ते त्यांना जाणवलं नाही.

गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याच्याही पुढची युक्ती काढली आहे. घडून गेल्यावर आपल्याला कारणं भराभर सुचतात ना, मग ते कौशल्य आधीच वापरायचं. काम सुरू होण्यापूर्वी सगळ्यांनी बसायचं आणि असं धरून चालायचं की काम सपशेल फसलेलं आहे. आता का फसलं ते लिहा. 'प्री-मॉर्टेम' असं त्याने नाव दिलं आणि २००७ साली व्यवस्थापनाच्या एका मोठ्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. कंपन्यांमध्ये त्याचं फार कौतुक झालं. आपल्याकडे ही पद्धत कधीच रुजणार नाही, कारण आपण शुभ बोल नाऱ्या म्हटल्यावर मांडवाला आग लागली म्हणणाऱ्या नाऱ्याला शतकानुशतकं हसत आलो आहोत. क्लाइनचं म्हणणं एवढंच, की दर कार्याला एक नाऱ्या नेमून, पाटावर बसवून, त्याचं म्हणणं लिहून घ्यावं.

चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाआधी मी हे सुचवलं. "लग्न फसलं आहे असं समजू या," म्हटल्याबरोबर आजी उठून देवघरात गेली आणि दिवा लावला. पण वहिनी धीराच्या. त्यांनी वाणसामानाच्या यादीचा कागद उलटा केला आणि लिहायला घेतलं. पहिली पाच मिनिटं कोणी बोलेना. मग जे सुरू झालं ते थांबेना. लाइट जाईल आणि जनरेटरवाला जेवायला गेलेला असेल. मंगलाष्टकांच्या मध्येच गुरुजींना दुसऱ्या लग्नाचा फोन येईल. मामा रुसेल, का रुसेल ते तेव्हा ठरेल. मठ्ठा संपेल. मंगळसूत्र ज्या पर्समध्ये आहे ती पर्स ज्या गाडीत आहे ती गाडी पेट्रोल भरायला जाईल. जी मंडळी एरवी "सगळं छान होईल हो" म्हणून विषय संपवतात, त्यांच्या पोटात इतक्या तपशीलवार भीती साठलेल्या असतात, हे त्या संध्याकाळी कळलं. आजीसुद्धा देवघरातून ओरडून म्हणाली, "आणि त्याच नावाचं दुसरं कार्यालय आहे बायपासला. वऱ्हाडाची बस तिकडे जाईल."

ही भीती सगळ्यांना पटली. म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळपासून फाट्यावर भाच्याला उभं केलं. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा बोर्ड, डोक्यावर फेटा, आणि सूचना एकच: लग्नाची बस दिसली की थांबवायची आणि आपल्या कार्यालयात आणायची. मुलगा आज्ञाधारक आहे. साडेअकराला त्याने एक बस आणली. पन्नासेक माणसं उतरली, त्यांना गुलाबपाणी शिंपडलं, अत्तर लावलं, ती पहिल्या पंगतीला बसली. जिलबी वाढून झाल्यावर त्यांच्यातल्या एका बुजुर्गांनी वहिनींना बोलावून विचारलं, "मुलगी गोरी होती ना हो आमची?"

बायपासच्या कार्यालयातली बस होती ती. वहिनींनी यादी बाहेर काढून वरपासून खालपर्यंत पाहिली. असं काही कोणी लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी भाच्याला त्याच बसमध्ये बसवून, शंभर जिलब्यांचं पातेलं सोबत देऊन, बायपासला पाठवलं, आणि तिकडच्या लोकांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.